गुपित कोणाचे, लाज कोणाची?

नाशिक म्हटले की बाहेरच्या माणसाला द्राक्षे, कांदा, काळाराम मंदिर आणि कुंभमेळा आठवतो. आमच्या गावाची आणखी एक ओळख आहे आणि ती आम्ही नाशिककर स्वतःही फारशी बोलून दाखवत नाही. नाशिकमध्ये सरकारची गुपिते राहतात. नाशिकरोडला १९२५ पासून इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे, शेजारी नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस आहे. देवळालीला तोफखान्याचे मोठे केंद्र आहे. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, जिथे आधी मिग आणि नंतर सुखोई विमाने तयार झाली. अशा ठिकाणांच्या भिंतींवर 'प्रतिबंधित क्षेत्र' अशी पाटी असते आणि त्या पाटीसमोरून रोज हजारो माणसे जेवणाचा डबा घेऊन कामावर जातात. त्यांतले कोणी आपले शेजारी असतात, कोणी व्याही. प्रेसमधला माणूस लग्नात भेटला की 'काय, आज किती छापल्या?' असे कोणीतरी गमतीने विचारतोच, आणि तो हसून विडा उचलतो. गुपित सांभाळणे हे इथे साधे घरगुती काम आहे.

तरीही गेल्या काही वर्षांत या एकाच जिल्ह्यात तीन वेगवेगळ्या माणसांकडून तीन वेगवेगळ्या गोष्टी भिंतीबाहेर आल्या. एकदा २०१२ साली, एकदा २०१७ साली आणि एकदा २०२० साली. तिघांबद्दल चहाच्या टपरीवर एकच प्रश्न विचारला गेला: हा देशभक्त म्हणायचा की देशद्रोही? प्रश्न तोच असला तरी माणसे इतकी निराळी होती की एकच माप सगळ्यांना लावणे म्हणजे सोने, धान्य आणि कापड एकाच तराजूत घालण्यासारखे आहे. आपण मात्र नेमके तेच करतो.

यातले २०२० चे प्रकरण थोडक्यात सांगून बाजूला ठेवतो. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने ओझरच्या कारखान्यातील एका कर्मचाऱ्याला अटक केली. लढाऊ विमानांची आणि कारखान्याच्या परिसराची माहिती त्याने व्हॉट्सअ‍ॅपवरून पाकिस्तानच्या गुप्तहेर संस्थेला पुरवली, असा आरोप होता. आरोप खरा असेल तर त्यावर निबंध लिहिण्याची गरज नाही. परक्या देशाला विमानांची माहिती देणाऱ्याला कोणत्याही भाषेत एकच शब्द आहे आणि आपल्या मराठीत तर तो फारच जुना आहे.

आपल्या भाषेत या विषयाचे शब्दही मोठे मजेशीर आहेत. गुपित फुटते, पेपर फुटतो, धरण फुटते आणि माणूसही फुटतो. माणूस फुटला की तो फितूर. घरातला असेल तर घरभेदी. सूर्याजी पिसाळाचे नाव तीनशे वर्षांनंतरही शिवीसारखे वापरतात. त्याने खरोखर काय केले याबद्दल इतिहासाच्या अभ्यासकांत एकमत नाही, पण बोलण्यातून त्याची सुटका झालेली नाही. आणि मग बिभीषण. पंचवटीत राहणाऱ्यांना रामायण शेजारच्या वाड्यात घडल्यासारखे वाटते, म्हणून सांगतो. बिभीषण रामाचा भक्त, चिरंजीव, पूजनीय; तरीही 'बिभीषण निघाला' असे आपण ज्याच्याबद्दल म्हणतो त्याचा गौरव करत नसतो. (सोलापूर-लातूरकडे बिभीषण नावाचे सज्जन गृहस्थ भेटतात, नाही असे नाही.) आपण रामाच्या बाजूने कथा ऐकतो आणि तरी लंकेच्या बाजूने न्याय देतो, ही गंमत आहे. शिवाय एक तपशील विसरतो. बिभीषण रात्री तटावरून उडी मारून पळाला नव्हता. त्याने आधी भर दरबारात भावाला सांगितले की सीतेला परत कर. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा सांगितले. अपमान झाल्यावर तो उघडपणे निघाला. हा तपशील पुढे उपयोगी पडेल.

आता २०१२. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीत, म्हणजे 'मेटा'त, विजय पांढरे हे मुख्य अभियंता होते. पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेला माणूस. राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समितीवर काम करताना प्रकल्पांच्या खर्चाचे कागद त्यांच्या टेबलावरून जात. प्रकल्पांच्या किमती कशा फुगवल्या जातात, कामाचा दर्जा कसा आहे, उपसा सिंचन योजनांवर पैसा ओतून त्या कशा बंद पडतात, हे त्यांनी पाहिले आणि लिहिले. कोणाला लिहिले? मुख्यमंत्र्यांना, राज्यपालांना, खात्याच्या वरिष्ठांना. खाली स्वतःची सही करून. ते पत्र काही महिने मंत्रालयात राहिले आणि मग वर्तमानपत्रांत आले. त्याच वर्षीच्या राज्याच्या आर्थिक पाहणीत एक आकडा होता, तो तोपर्यंत सर्वांच्या तोंडी झालेला होता: दहा वर्षांत सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाले आणि सिंचित क्षेत्राचे प्रमाण १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर गेले. आकडेवारी छापील सरकारी पुस्तकात होती, गुप्त काहीच नव्हते. पण आकड्याला आवाज नसतो. खात्यातल्या मुख्य अभियंत्याचे पत्र आले आणि त्या आकड्याला आवाज फुटला.

२५ सप्टेंबर २०१२ रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरअखेर सरकारने श्वेतपत्रिका काढली. तिच्यात वाढ ०.१ टक्का नसून पाच टक्क्यांहून थोडी अधिक असल्याचे सांगितले होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अजित पवार मंत्रिमंडळात परतले. मग माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, २०१४ साली तिचा अहवाल आला, गैरप्रकारांवर तिने बोट ठेवले. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक खात्याची चौकशी झाली आणि २०१९ च्या अखेरीस त्या खात्याने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अजित पवारांचा दोष आढळला नसल्याचे प्रतिज्ञापत्र दिले. हे सगळे सांगितले पाहिजे. नाहीतर पत्र लिहिणारा नायक, उरलेले सगळे खलनायक असा सिनेमा होतो. पांढऱ्यांच्या पत्रातला प्रत्येक शब्द सिद्ध झाला असा दावा मी करणार नाही. ७० हजार कोटींचा हिशेब लोकांसमोर आला पाहिजे, एवढीच त्या पत्राची मागणी होती असे धरले, तरी ती मागणी करणारा माणूस खात्याच्या आतला लागला, ही गोष्ट उरतेच. बाहेरच्या माणसाला धरणाची भिंत दिसते. आतल्याला भिंतीचा अंदाजपत्रकातला दर दिसतो.

त्या वेळी मी कित्येक सुशिक्षित माणसांकडून ऐकले की नोकरीत राहून खात्याच्या विरुद्ध लिहिणे ही कृतघ्नता आहे. 'ज्या ताटात जेवायचे...' ही म्हण तर ठरलेली. मला ती म्हण नेहमी अर्धवट वाटते. ताट कोणाचे? पाटबंधारे खात्याचा पगार मंत्री आपल्या खिशातून देत नाहीत. तो पगार सटाण्याचा शेतकरी आणि सिडकोतला कामगार देतात, त्यांनी घेतलेल्या काडेपेटीवरचा करसुद्धा त्यात येतो. मग पांढऱ्यांनी त्यांनाच ताटातले सांगितले, तर खाल्ल्या मिठाला जागणे आणखी निराळे ते काय?

मात्र गुप्ततेची थट्टा करण्याची माझी इच्छा नाही, कारण मी बत्तीस वर्षे बँकेत नोकरी केली. राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू होताना पहिल्याच दिवशी एका कागदावर सही करावी लागते. निष्ठा आणि गोपनीयतेची ती शपथ आहे, १९७० च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यातच तिचा मसुदा आहे. बँकेच्या कारभाराविषयी आणि बँकेशी व्यवहार करणाऱ्या कोणाविषयीही अनधिकृत माणसाला काही सांगणार नाही, असे तिचे सार. तिचे मोल मी लहान गावांतल्या शाखांत पाहिले. विधवा आत्याने मुलापासून लपवून ठेवलेली ठेव, भावकीत कोणाला न कळता फेडलेले कर्ज, मुलीच्या लग्नासाठी गहाण पडलेल्या पाटल्या. बँकेच्या माणसाने चौकात तोंड उघडले तर गावातली तीन घरे मोडतील. गुपित हे काही वेळा गरिबाचे एकमेव वस्त्र असते.

पण त्या शपथेत दोन गोष्टी एका वाक्यात बांधलेल्या आहेत, खातेदाराचे व्यवहार आणि बँकेचा कारभार. या दोन गोष्टी एक नाहीत. ऐंशीच्या दशकात मी ज्या एका ग्रामीण शाखेत होतो तिथे एकात्मिक ग्रामीण विकासाची कर्जे वाटली जात. म्हशी घेण्यासाठी अनुदानासह कर्ज. माझ्याबरोबरच्या एका तरुण अधिकाऱ्याने वसुलीसाठी फिरताना पाहिले की सात लाभार्थींच्या गोठ्यांत मिळून एकच म्हैस आहे. तपासणीच्या दिवशी ती या वाड्यावरून त्या वाड्यावर जाते आणि कानातला विम्याचा बिल्ला तेवढा बदलतो. त्याने रीतसर वरच्या कार्यालयाला लिहिले. तीन आठवड्यांनी त्याचे ते पत्र आमच्याच शाखेत परत आले, ज्या साहेबांविषयी लिहिले होते त्यांच्याच टेबलावर, वर तांबड्या शाईत एकच शब्द: 'अभिप्रायार्थ'.

सरकारी आणि निमसरकारी कारभारातले सगळे गूढ या एका शब्दात आहे, असे मला वाटत आले आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच अभिप्रायार्थ. पुढे त्या तरुणाने तालुक्याच्या साप्ताहिकाला म्हशीची हकीगत सांगितली. सगळ्या तालुक्यात हशा झाला. त्याला आरोपपत्र मिळाले. त्यात म्हैस कुठेही नव्हती. बँकेची गुपिते उघड केली, एवढाच आरोप होता. हकीगत खोटी आहे असे त्याला कोणी म्हटले नाही. त्याने ज्यांच्याविषयी लिहिले त्या सात गरीब माणसांपैकी एकाचेही नाव त्याने छापू दिले नव्हते, हेही कोणी विचारात घेतले नाही. त्याने खातेदारांचे गुपित सांभाळले होते. उघडी केली ती बँकेची लाज.

हाच घोळ देशाच्या पातळीवर रिझर्व्ह बँकेपर्यंत गेला. बँकांच्या तपासणीचे अहवाल आणि थकबाकीदारांची माहिती लोकांनी माहितीच्या अधिकारात मागितली तेव्हा रिझर्व्ह बँक म्हणाली, बँकांनी ही माहिती विश्वासाने आमच्याकडे दिली आहे, ती देता येणार नाही. डिसेंबर २०१५ मध्ये जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. रिझर्व्ह बँकेचे काम बँकांवर देखरेख ठेवण्याचे आहे, बँकांशी तिचे नाते अशिला-वकिलाचे नाही, ती लोकहिताला बांधलेली आहे, असा त्या निकालाचा अर्थ. मी तो निकाल वाचला तेव्हा मला ती म्हैस आठवली.

आता ज्या कायद्याने हे खटले चालतात त्याकडे पाहू. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ सालचा आहे. त्याच्या मुळाशी एक वर्तमानपत्र आहे. १८८९ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने काश्मीर संस्थानाबाबतचा इंग्रज सरकारचा एक गुप्त कागद छापला आणि त्याच महिन्यात सरकारने गुपितांचा पहिला कायदा मंजूर करून घेतला. कर्झनने १९०४ साली तो आणखी आवळला आणि १९२३ साली त्याला आजचे रूप आले. म्हणजे शत्रूच्या हेरापेक्षा घरच्या संपादकाच्या भीतीने तो जन्मला. इंग्रज गेले, कायदा राहिला. त्याच्या तिसऱ्या कलमात हेरगिरी आहे, शिक्षा १४ वर्षांपर्यंत. पाचव्या कलमात कोणताही अधिकृत कागद अनधिकृत माणसाला देणे आणि घेणे, दोन्ही येते. पण 'गुपित' म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नाही. ज्या कागदावर साहेब शिक्का मारतील तो गुप्त. आमच्या बँकेत एका वरिष्ठांनी चहापाण्याच्या खर्चाच्या परिपत्रकावरही 'गोपनीय' असे लिहिलेले मी पाहिले आहे. परिपत्रकात बिस्किटे कमी करण्याची सूचना होती.

हसण्यापलीकडे जाणारी उदाहरणेही आहेत. जून २००२ मध्ये दिल्लीत इफ्तिखार गिलानी या पत्रकाराला या कायद्याखाली अटक झाली. त्यांच्याकडे सापडलेला कागद आधीच प्रसिद्ध झालेला होता. तरी सात महिने तुरुंगात गेल्यावर सरकारने खटला मागे घेतला. १९९४ साली इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना हेर ठरवून पकडले. दोनच वर्षांत सीबीआयने प्रकरणात तथ्य नसल्याचे सांगितले, आणि ५० लाखांची भरपाई देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला २०१८ साल उजाडले. देशद्रोहाचा शिक्का मारायला एक दिवस लागतो, पुसायला चोवीस वर्षे लागली.

याउलट खरेच गुप्त राहायला हवे ते कसे गेले, याचेही उदाहरण आमच्या गावात आहे. तेलगीच्या बनावट मुद्रांकांच्या प्रकरणात नाशिकच्या प्रेसमधून भंगारात काढलेली छपाईची यंत्रे त्याच्यापर्यंत पोहोचल्याचे उघड झाले. तिथे कागद फुटला नव्हता, यंत्रच गेले होते. पाटी भिंतीवर जागच्या जागी होती.

देवळालीचे २०१७ चे प्रकरण मला सर्वांत अवघड वाटते, आणि त्यावर हलक्या हाताने लिहिणे बरे नाही. लष्करात 'सहायक' नावाची पद्धत आहे. जवानाने अधिकाऱ्याच्या दिमतीला राहायचे. तिचा मूळ उद्देश युद्धभूमीवरचा असला तरी शांततेच्या काळात कुत्र्याला फिरवणे, मुलांना शाळेत सोडणे अशी कामे जवानांना करावी लागतात, ही तक्रार जुनी होती. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही ही पद्धत बंद करावी असे त्याआधीच सुचवले होते. त्या वर्षी जानेवारीत सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने जेवणाच्या निकृष्टपणाची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली होती, त्यामुळे वातावरण तापलेले होते. फेब्रुवारीच्या अखेरीस एका पत्रकार महिलेने देवळालीत छुप्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण प्रसिद्ध झाले. त्यात काही जवान बोलताना होते, चेहरे अस्पष्ट केलेले. त्यानंतर केरळचा एक तरुण गनर बेपत्ता झाला आणि २ मार्चला देवळालीतल्या एका वापरात नसलेल्या बराकीत तो मृतावस्थेत आढळला.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो पत्रकारावर आणि तिला मदत करणाऱ्या एका माजी सैनिकावर. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आणि गुपितांच्या कायद्याखालचा. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. मला तो निर्णय योग्य वाटतो. कुत्र्याला कोण फिरवतो हे देशाचे गुपित असेल तर शत्रूला फार काही करावे लागणार नाही.

पण एवढ्यावर समाधान होत नाही. त्या गनरने गुपित फोडले होते का? तो आपले दुःख बोलला होता. आपले बोलणे टिपले जाते आहे याची त्याला कल्पना नसेल, तर त्याने काही उघड केले नाही, त्याच्याकडून ते उघड करून घेतले गेले. पांढऱ्यांनी पत्राखाली सही केली तेव्हा परिणामांचा हिशेब त्यांनी स्वतः केला होता. मुख्य अभियंत्याला तो करता येतो. वीस-तीस हजारांच्या पगारावर घरदार चालवणाऱ्या, वरिष्ठाच्या एका शेऱ्यावर नोकरी टांगलेल्या जवानाचा हिशेब दुसऱ्या कोणी करायचा नसतो. पत्रकारितेने सत्य बाहेर काढावे, जरूर काढावे, पण ज्याच्या तोंडून काढले तो दुसऱ्या दिवशी परेडला उभा राहणार आहे, याची काळजी चेहरा अस्पष्ट करून संपत नाही. आवाज, खोली, बिछाना यांवरून बराकीतले लोक ओळखतात. त्याच वेळी हेही विचारायला हवे की जवानाला तक्रार करायला भीती न वाटणारी जागा असती, तर छुप्या कॅमेऱ्याची गरज कोणाला पडली असती? हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी खरे आहेत आणि आपण सोयीचा तेवढा उचलतो.

वर्तमानपत्रांना कागद तपासण्याचा धडा आपल्याकडे फार आधी मिळालेला आहे. टिळक-आगरकर तेव्हा तिशीच्याही आत होते. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो आहे या समजाने 'केसरी' आणि 'मराठा'ने कारभारी माधवराव बर्व्यांविरुद्ध लिहिले, हाती आलेल्या पत्रांच्या आधारावर. ती पत्रे बनावट निघाली. १८८२ साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते बाहेर आले. लोकांनी त्यांचे स्वागत केले, कारण हेतू शुद्ध होता हे सर्वांना दिसत होते. कागद मात्र खोटा होता. बर्व्यांच्या जागी उभे राहून हे प्रकरण कोणी फारसे पाहत नाही. आज मोबाईलवर रोज 'अतिगोपनीय' म्हणून जे कागद येतात ते पुढे पाठवणाऱ्यांनी ते एकदा पाहावे.

आणि राजकारण? तिथे तर उत्तर ठरलेले आहे. विरोधी बाकावर असताना कागद मिळाला तर तो जनतेचा, सत्तेत असताना गेला तर तो चोरीचा. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पोलीस बदल्यांतल्या कथित दलालीविषयीचा गुप्तवार्ता विभागाचा अहवाल पुढे आणला आणि माहिती दिल्लीला केंद्रीय गृहसचिवांकडे नेऊन दिली. महाविकास आघाडीच्या सरकारने गुपितांच्या कायद्याखाली अज्ञात व्यक्तींविरुद्ध गुन्हा नोंदवला. पुढच्या वर्षी फडणवीसांचा जबाब पोलिसांनी घेतला, मग सरकार बदलले, तपास सीबीआयकडे गेला आणि सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. बदल्यांत पैसे खाल्ले गेले की नाही, हा जो मूळ प्रश्न, त्याचे काय झाले हे सामान्य माणसाला विचारा. त्याला पेन ड्राइव्ह आठवतो, उत्तर आठवत नाही. २०१९ साली राफेलच्या वेळी बाजू उलट होत्या. 'हिंदू'ने संरक्षण खात्याचे कागद छापले, ॲटर्नी जनरल सर्वोच्च न्यायालयात म्हणाले की ते चोरीला गेले आहेत. १० एप्रिलला न्यायालयाने सांगितले की कागद कसे आले एवढ्यावरून ते दुर्लक्षित करता येणार नाहीत. नोव्हेंबरमध्ये त्याच न्यायालयाने फेरविचाराच्या याचिका फेटाळल्या. म्हणजे कागद पाहण्याजोगा होता, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष न्यायालयाला पटला नाही. फोडणारा देशद्रोही नसतो म्हणजे तो बरोबरच असतो, असे नव्हे. आपल्याला ही मधली जागा सहन होत नाही.

अमेरिकेत डॅनियल एल्सबर्गने १९७१ साली व्हिएतनाम युद्धाचे कागद वर्तमानपत्रांना दिले. त्याआधी तो ते घेऊन सिनेटरांकडे गेला होता. कोणी हात लावेना, मग तो वर्तमानपत्राकडे गेला, आणि नंतर स्वतःहून कायद्याच्या हवाली झाला. पुन्हा दरबारातला बिभीषण. एडवर्ड स्नोडेनने २०१३ साली सरकार सामान्य माणसांच्या फोनवर कशी पाळत ठेवते ते जगाला सांगितले, ते सांगण्याजोगेच होते. पण तो रशियात जाऊन राहिला, २०२२ साली तिथला नागरिकही झाला. आता रशिया आपल्या नागरिकांचे फोन ऐकत नसेल असे कोणी म्हणणार नाही. परतीचा रस्ता त्याच्या सरकारने बंद केला हे खरे. तरी माझ्या मनात एल्सबर्गची पायरी वरची आहे.

मग वरिष्ठांना आधी सांगावे, हे मी म्हणतो आहे खरा, पण सांगणाऱ्याला आपण ठेवतो कुठे? सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोनाच्या रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता, नाव गुप्त ठेवावे अशी विनंती करून. ते पत्र नावासकट या खात्यातून त्या खात्यात फिरले. पुन्हा अभिप्रायार्थ. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. सीबीआयने लूटमार म्हटले, न्यायालयाने आरोपींना शिक्षाही दिली, पण पत्र ज्यांनी फिरवले त्यांना कोणी विचारले नाही. सरकारचे गुपित फोडले तर तुरुंग आहे. सरकारवर भरवसा ठेवून सांगितलेले गुपित सरकारने फोडले तर काय, याचे कलम १९२३ च्या कायद्यात कुठे सापडत नाही.

उपाय सुचवले गेले नाहीत असे नाही. वीरप्पा मोइलींच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ साली गुपितांचा कायदाच रद्द करून खऱ्या सुरक्षेपुरत्या तरतुदी राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घालाव्यात असे म्हटले. मंत्र्यांनी गोपनीयतेऐवजी पारदर्शकतेची शपथ घ्यावी, अशीही त्यांची शिफारस होती. माझ्यासारख्या शपथेवर सही केलेल्या माणसाला ती फार आवडली. अण्णा हजाऱ्यांच्या रेट्याने महाराष्ट्रात आणि मग २००५ साली देशात माहितीचा अधिकार आला. त्याच्या आठव्या कलमात लिहून ठेवले आहे की नुकसानीपेक्षा लोकहित मोठे असेल तर गुपितांचा कायदा असूनही माहिती देता येईल. मोठी गोष्ट आहे. पण ती मागणाऱ्यासाठी आहे. आत बसून जो पाहतो आणि सांगू इच्छितो त्याच्यासाठी वेगळा कायदा संसदेने केला. त्यावर राष्ट्रपतींची सही मे २०१४ मध्ये झाली. तो अमलात आणण्याची अधिसूचना अजून निघालेली नाही. नाशिकमध्ये आज एखाद्या लेखापालाला खोटी मोजमाप पुस्तिका दिसली, तर त्याच्यासमोर म्हशीच्या वेळी होती तीच परिस्थिती आहे.

त्याच मे महिन्यात लोकसभेचा निकाल लागला. सरकारी सेवेतून बाहेर पडलेले विजय पांढरे आम आदमी पक्षातर्फे नाशिकमधून उभे होते. हेमंत गोडसे निवडून आले, छगन भुजबळ दुसरे आले, पांढरे फार मागे राहिले. निवडणूक अनेक कारणांवर ठरते, त्या वर्षी तर लाटच होती. निकालाच्या संध्याकाळी आमच्या कॉलनीच्या बाकावर पाटबंधारे खात्यातूनच निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. पांढऱ्यांविषयी त्यांच्या मनात आदर होता, दोन वर्षे ते आम्हाला धरणांचे दर समजावून सांगत होते. मत कोणाला दिले, असे त्यांना कोणीतरी विचारले. ते म्हणाले, "माणूस खराच आहे हो. पण निवडून येणार नव्हता ना. मत कशाला वाया घालवायचं?" आणि त्यांनी पिशवी उचलून मंडईची वाट धरली.